नाताळच्या बिअरचं पाणी

बिअर चांगली व्हायची तर आधी पाणी चांगलं हवं, हे तोरलाइव्ह म्हातारा इतक्यांदा बोलला होता की गोठ्यातल्या मेंढ्यांनाही ते पाठ झालं असावं. पण या उन्हाळ्यात शिडीवरून पडून त्याचं खुब्याचं हाड मोडलं, आणि नाताळची बिअर करायचं काम सुनेच्या गळ्यात आलं. ही सून, ओडनी, शाळेची बस चालवायची. नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर, तो थेट सणाच्या तोंडावर उगवणार. बर्फाळ घाटातून बस काढायला ती कधी कचरली नव्हती, पण सासऱ्याच्या तांब्याच्या हंड्याला तिनं आजवर हात लावला होता तो फक्त घासायला.

त्यात शरदातल्या पावसानं वरची दरड घसरली. ज्या ओढ्याच्या पाण्यावर या घराची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होत आली, तो गढूळ झाला. पाणी कितीही वेळ निवळत ठेवा, तळाशी गाळ ठरलेलाच. नळ होता, पण दरडीनंतर नगरपालिका त्यात सढळ हातानं क्लोरीन घालत होती.

"त्या पाण्यात पोहायचं असतं," तोरलाइव्ह म्हणाला. "त्याची बिअर केलीस तर दवाखान्याचा वास येईल."

"रात्रभर उघडं ठेवून मग उकळलं की क्लोरीन उडून जातं म्हणे, बाबा."

"कोण म्हणे?"

"आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई."

"त्यांनी कधी बिअर केलीय?"

दरीच्या पलीकडे स्टाइनारच्या शेतात एक झरा होता, दरडीच्या वाटेपासून लांब, काचेसारखा स्वच्छ. पण स्टाइनारचं नाव या घरात निघत नसे. कित्येक वर्षांपूर्वी भरल्या घरात त्यानं तोरलाइव्हच्या बिअरला 'मेंढ्या धुतलेलं पाणी' म्हटलं होतं. तेव्हापासून दोघांचे ट्रॅक्टर समोरासमोर आले तरी दोन्ही म्हातारे माना वळवून डोंगर बघत बसायचे.

शाळेची फेरी संपवून ओडनी कॅन घेऊन स्टाइनारच्या दारात उभी राहिली.

"म्हाताऱ्यानं पाठवलं?" स्टाइनारनं विचारलं. तो स्वतः तोरलाइव्हपेक्षा वर्षभरानं मोठा होता.

"नाही. त्यांना कळलं तर मला घराबाहेर काढतील."

"मग तर ने. हवं तेवढं ने!" स्टाइनार खूश झाला. "पाणी काय माझ्या बापाचं आहे? डोंगराचं आहे. पण एक अट. बिअरच्या वासाला लागणाऱ्या ज्युनिपरच्या फांद्या मी आणणार. तुझ्या सासऱ्याला त्यातलं काही कळत नाही."

संध्याकाळी ओडनीनं तीन ठिकाणचं पाणी वेगवेगळं उकळून गार केलं आणि तीन कप सासऱ्यापुढे ठेवले. कशात काय आहे ते सांगितलं नाही. पहिला घोट घेऊन तोरलाइव्हनं तोंड वाकडं केलं. "आपला ओढा. माती." दुसरा हुंगूनच बाजूला सारला. "नळ. लगेच उकळलंस, घाई केलीस." तिसरा कप त्यानं हळूहळू सगळा संपवला.

"गवत कापायला जायचो आम्ही तिकडे," तो म्हणाला. "मी आणि स्टाइनार. पालथे पडून प्यायचो. दात कळ मारायचे इतकं गार." मग कप आपटून, "आण. पण मी त्याचे आभार मानणार नाही, सांगून ठेवतो."

"कोणी मागितलेत?" ओडनी म्हणाली. झोपण्यापूर्वी तिनं धुण्याच्या खोलीतला मोठा टब नळाच्या पाण्यानं भरून उघडा ठेवला. हाताशी असलेलं बरं.

सकाळी स्टाइनार ट्रॅक्टरवर पाण्याची टाकी आणि ज्युनिपरच्या फांद्यांचा हा ढीग घेऊन हजर. अंगणातल्या चुलीच्या खोलीत तोरलाइव्ह आधीच खुर्ची टाकून, मांडीवर काठी घेऊन बसला होता. नमस्कार-चमत्कार काही नाही. हंड्यात झऱ्याचं पाणी तापू लागलं. त्यात ज्युनिपर उकळून घ्यायचा, त्या सुवासिक पाण्यानं भांडी धुवायची, आणि त्यातच माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भिजवायचं, ही इथली रीत. प्रश्न होता ज्युनिपर किती.

"कोवळे शेंडे घे फक्त," तोरलाइव्ह ओडनीला म्हणाला. "फळं नकोत."

"फळांशिवाय ज्युनिपर म्हणजे मिठाशिवाय मासा," स्टाइनार हंड्याला म्हणाला.

"ओडनी, त्याला सांग, मासा आपण त्याच्या पाण्यात शिजवत नाही आहोत."

"ओडनी, त्याला सांग, पाणी माझं आहे हे त्यानं कबूल केलं."

"तुमचं तुम्ही सांगा," ओडनी म्हणाली आणि लाकडं आणायला गेली. धुण्याच्या खोलीत वळून टबातलं पाणीही तिनं मोठ्या भांड्यांत उकळायला टाकलं.

परत आली तेव्हा दोघे नको इतके शांत होते. हंड्यातलं पाणी सोनेरीच्या ऐवजी काळपट तपकिरी झालेलं. तिनं पळीनं चाखलं, आणि कच्ची सुपारी चघळावी तशी जीभ आवळली. फळं स्टाइनारनं ढकलली होतीच, पण हंड्यात शेंड्यांचीही भर पडली होती, आणि तोरलाइव्हच्या काठीच्या टोकाला ओल्या ज्युनिपरच्या सुया चिकटल्या होत्या.

"बाबा!"

"त्याच्या फळांचा उग्रपणा मारायला टाकले," तोरलाइव्ह पुटपुटला.

टाकी रिकामी होती. पलीकडून ती पुन्हा भरून आणायची तर अर्धा दिवस गेला असता. ओडनीनं अर्धं कडू पाणी अंगणात ओतून दिलं आणि धुण्याच्या खोलीतून नळाच्या उकळलेल्या पाण्याच्या बादल्या आणायला लागली.

"क्लोरीन!" दोघे एकदम ओरडले.

"माझ्या झऱ्यात नळ!" स्टाइनार.

"आमच्या हंड्यात नळ!" तोरलाइव्ह.

ओडनीनं दोघांच्या हातात एकेक कप दिला. दोघांनी हुंगलं. चाखलं. एकमेकांकडे बघितलं.

"वास नाही," स्टाइनारला कबूल करावं लागलं.

"नाही. पण ऐकत नाही ही कुणाचं."

"अजिबात नाही. तुझ्या घरात कसं चालतं रे हे?"

"रोजचं आहे बाबा. बस चालवते ना, सगळ्यांना प्रवासी समजते."

मग दिवसभर दोघे तिच्या तक्रारी एकमेकांना सांगत बसले. ओडनी हंडा आणि आग सांभाळत राहिली, मधूनमधून चाखत, आणि तिला कुणालाही काही विचारावं लागलं नाही. माल्टचा गाळलेला गोड रस ऊन दुधासारखा कोमट झाल्यावर तिनं घरचं वाळवलेलं यीस्ट विरजणासारखं घातलं आणि पिंपावर घोंगडी टाकली.

तिसऱ्या दिवशी बिअर चाखायला शेजारी घरात जमले. पहिला लाकडी वाडगा मान म्हणून तोरलाइव्हकडे गेला. तो प्यायला.

"दरवर्षीसारखी नाही," तो म्हणाला, आणि वाडगा पुढे न देता पुन्हा तोंडाला लावला.

"अरे, पुढे दे की!" स्टाइनारनं वाडगा हिसकून घेतला, प्यायला, मिशा पुसल्या. "हलकी आहे. घशाखाली पटकन उतरते. हे धोक्याचं आहे, ओडनी."

वाडगा फिरला, परत भरला, परत फिरला. खोलीत मेंढीच्या खारवलेल्या बरगड्यांचा वास दरवळत होता, आणि पाणी कुठलं, यावर शेजारी पैजा लावत होते. ओडनीनं खरं ते सांगून टाकलं, तेव्हा हशा पिकला आणि विज्ञानाच्या बाईंच्या नावानं एक वाडगा झाला. कोपऱ्यात दोन्ही म्हातारे टेबलावर सांडलेल्या बिअरमध्ये बोटानं नकाशा काढत होते: उन्हाळ्यात वर चढून दरडीचे दगड कुठून काढायचे, ओढा कसा वळवायचा. एकाचा खुबा मोडलेला, दुसऱ्याला दम लागायचा.

"तू खणशील, मी सांगेन," तोरलाइव्ह म्हणाला.

"मी सांगेन, तू खण."

ओडनी रिकामी बादली घेऊन अंगणातल्या चुलीच्या खोलीत आली. पिंपावरची घोंगडी सारून तिनं बादली भरली, आणि घरात नेण्याआधी ओंजळीनंच एक मोठा घोट घेतला. छान झाली होती. तिनं आणखी एक घेतला आणि मग आत गेली.