साहेबांच्या कोटाचं बटण

एकोणीसशे ब्याऐंशी साल होतं. त्या वर्षी टाचणीबाईच्या उजव्या हाताची तीन बोटं मेली. म्हणजे होती जागच्या जागी, हलायचीसुद्धा. पण त्यांना काही कळेनासं झालं. सुई टोचली तरी पत्ता नाही, इस्त्री लागली तरी पत्ता नाही. तीस वर्षं दातांत टाचण्या धरून तिनं अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले होते. खरं नाव नुसतं कागदोपत्री उरलं होतं. तिनं घातलेला टाका उसवला, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, नसा गेल्या, परत यायच्या नाहीत. शिलाई मशीनवर चादर पडली. घरात माणसं दोनच, ती आणि लेक. लेकीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं.

"वर्षभर दुकानात नोकरी करते, मग बघू शिक्षणाचं," लेक म्हणाली.

हे 'मग बघू' टाचणीबाईला चांगलं ठाऊक होतं. तिचं स्वतःचं शाळेत जायचं असंच राहून गेलं होतं. म्हणून शेजारचे टपालकाका अपंगांच्या सरकारी भत्त्याचा अर्ज घेऊन आले, तेव्हा ती आधी फणफणली, पण ऐकून घेतलं. काका टपालखात्यातून निवृत्त झालेले. कागद म्हटला की त्यांना स्फुरण चढायचं.

"मला भीक नको, काका."

"भीक कसली? आजवर विकत घेतलेल्या प्रत्येक रिळावर कर भरलायस तू. कर अंगठा."

"अंगठा? सही येते मला!" असं म्हणून तिनं डाव्या हातानं वाकडीतिकडी सही ठोकली.

तपासणीच्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून गेली. तपासणारे डॉक्टर तरुण होते आणि सकाळपासून माणसं तपासून थकले होते. त्यांच्या कोटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. आत आल्यापासून टाचणीबाईचा सगळा जीव त्या बटणात अडकला.

"बारीक काम जमतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. "जमतं की!" ती म्हणाली. "कोट काढा साहेब, असं बरं दिसत नाही."

दोरा ओवलेली सुई तिच्या कॉलरला टोचलेली असायचीच. हल्ली लेक ती रोज सकाळी ओवून द्यायची, आईला बरं वाटावं म्हणून. टाचणीबाईनं जीभ दातांत धरून बटण लावलं. डॉक्टर खूश झाले. ती ताठ मानेनं घरी आली आणि सगळं रंगवून सांगितलं. काका कपाळाला हात लावून खाली बसले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. 'अर्जदाराने तपासणीच्या वेळी स्वतः सुईदोऱ्याने बटण लावले. सबब अर्ज नामंजूर.'

लेकीनं वह्या बांधून माळ्यावर टाकल्या.

"अपील करायला तीस दिवस आहेत," काका म्हणाले. त्यांनी अर्ज खरडला, स्वतः नेऊन दिला, शिक्क्याची पोच घेतली. मग रोज संध्याकाळी तिची तालीम सुरू झाली.

"म्हण, मला जमत नाही."

"मला आता पूर्वीसारखं तितकंसं..."

"तितकंसं नाही! जमत नाही!"

"तुम्हीच जाऊन म्हणा ना मग!"

लेक हसू दाबत भांडी घासायची.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं. मधोमध अध्यक्षबाई, दोन्ही बाजूंना एकेक अधिकारी, आणि कडेला तेच डॉक्टर, अंगात तोच कोट. टाचणीबाईची नजर सवयीनं मधल्या बटणावर गेली. बटण नव्हतं. नुसता दोऱ्याचा झुबका होता.

तिनं लावलेलं बटण पडलं होतं.

"बाई, तुम्हाला काय सांगायचंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मूग गिळून बसावं, कोट कुणाच्या लक्षात येऊ नये, असं तिला वाटलं. मागून लेकीचा आवाज आला, "आई." एवढंच. टाचणीबाईला माळ्यावरच्या वह्या आठवल्या.

"साहेबांचं बटण कुठंय, तेवढं विचारा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी खाली पाहिलं आणि ते ओशाळले. खिशात हात घालून त्यांनी बटण टेबलावर ठेवलं. "दुसऱ्याच दिवशी पडलं. म्हटलं, दोराच कच्चा असेल."

"दोरा पक्काच होता. हात कच्चा आहे." तिनं उजवा हात पुढं केला. "ओढ किती बसली, ते बोटांना कळत नाही आता. मला जमत नाही."

"आत्ता लावून दाखवाल?"

कोट तिच्या मांडीवर आला. ती वाकून टाके घालू लागली. चौथ्या टाक्याला अध्यक्षबाई खुर्चीतून उठल्या. "अहो, थांबा! रक्त आलंय!"

"कुठं?" टाचणीबाई म्हणाली आणि इकडंतिकडं बघू लागली. सुई तिच्याच बोटात आरपार शिरलेली होती.

निकाल तिथंच तिच्या बाजूनं लिहिला गेला. डॉक्टरांनी स्वतः तिच्या बोटाला पट्टी बांधली. बाहेर बाकावर बसून लेकीनं ते बटण लावलं. टाचणीबाईनं डाव्या हातानं ओढून बघितलं. "सैल आहे. उसव." तिसऱ्या खेपेला ते पास झालं.

लेक नर्स झाली आणि पुढं मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका. टपालकाकांच्या ओट्यावर अपिलं लिहून घेणाऱ्यांची रीघ लागली. दिसेनासं झालं तेव्हा ते तोंडी सांगायचे, दुसरं कुणी लिहायचं. ते डॉक्टर नंतर तपासणीला आलेल्या प्रत्येकाला विचारत, "काम जमलं, बरं, पण ते दुसऱ्या दिवशी टिकलं का?" टाचणीबाई आणखी बावीस वर्षं जगली. मशीनवरची चादर तिनं काढली आणि गल्लीतल्या मुलींना शिवण शिकवलं, स्वतः हात न लावता, दातांत टाचण्या धरून. "उसव" हा शब्द तिच्याइतक्या प्रेमानं पुन्हा कुणी म्हटला नाही.