डॅन्यूबकाठच्या सायकलीचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हणजे अकरा वर्षांची, पण अमेरिकेत तेवढ्यात आजी होता येतं. ॲन आर्बरमधल्या एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावर, खिडकीखालच्या लोखंडी स्टँडला मी उभी आहे. सीट फाटली आहे, चेन गंजून गेली आहे आणि हँडलला ऑफिसवाल्यांनी नारिंगी चिठ्ठी बांधली आहे. वीस एप्रिलपर्यंत हलवली नाही, तर भंगारात.

माझा जन्म मात्र चांगल्या घरचा. ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात मला घडवलं. नागपूरचा ईश्वर तिथे संशोधनासाठी आला होता. त्याने मला विकत घेतलं, मागच्या मडगार्डवर निळं अशोकचक्र चिकटवलं, आणि दर रविवारी आम्ही डॅन्यूबच्या काठाने निघू लागलो. काय ती श्रीमंत गावं! दुकानं बंद, खिडक्यांत लाल फुलं. स्वच्छ उंबरा पुन्हा पुसणाऱ्या बाया. रस्त्यावर एक गाडी नसताना हिरव्या दिव्याची वाट बघत उभी असलेली म्हातारी माणसं. एकदा ईश्वरने मला कुणाच्या तरी भिंतीला टेकवलं, तर आतून एक आजोबा आले आणि सायकली लावायची जागा त्याला बोटाने दाखवून गेले. ईश्वर खजील झाला. मला मात्र बरं वाटलं.

कुलूप त्याने घेतलंच नव्हतं. मला नदीकाठी सोडून तो खुशाल केक खायला जायचा, आणि कुणी मला हात लावत नसे. एकदा बाकाशेजारी चाळीस वर्षांची एक सायकल दिसली, तेलपाणी केलेली, ठणठणीत. माझ्या हँडलवर हात ठेवून तो म्हणाला, "आपण दोघं अशीच म्हातारी होऊ."

मी ते खरं मानलं. सायकलींना अक्कल कमीच.

पुढे इथे नोकरी लागली, तेव्हा मला खोक्यात घालून त्याने विमानाने आणलं. आल्या आल्या जाडजूड कुलूप घेतलं. इकडे चोर फार, असं तो बायकोला, दीक्षाला, सांगत होता. दोन वर्षं चालवलं, मग गाडी आली. मग बर्फ, रस्त्यावरच्या मिठाचं पाणी, पुन्हा बर्फ. सहा वर्षांत कुलूप एकदाही उघडलं नाही.

गेल्या शनिवारी, सुट्टी बघून दोन दिवस आधीच, त्यांच्याकडे चौदा एप्रिलच्या जयंतीचं जेवण होतं. खिडकी उघडी होती. जेवणानंतर ईश्वरने टीव्हीवर जुने फोटो लावले, आणि प्रत्येक फोटोत मी! अशी सायकल पुन्हा होणे नाही, हिने मला अख्खी नदी दाखवली, असं तो जेवायला आलेल्या संजीवकाकांना सांगत होता. माझा ऊर भरून आला. तेवढ्यात त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने, हर्षिताने, मडगार्डवरचं चक्र ओळखलं.

"बाबा, दॅट्स द वन आउटसाइड, राइट?"

पाहुण्यांनी खिडकीकडे माना वळवल्या.

"छे गं," ईश्वर हसला. "ती वेगळी. हे कुणाचं तरी भंगार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हर्षिताला घेऊन बाहेर आला. हातात किल्ली होती. मित्रांनो, कालचं सगळं मी एका क्षणात माफ केलं. त्याने खिशातून तेलाची बाटली काढली. माझी चेन सहा वर्षं त्या थेंबाची वाट बघत होती. त्याने तेल कुलपात सोडलं, कुलूप उघडलं, फडक्याने पुसलं आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या स्वतःच्या नव्या कोऱ्या इलेक्ट्रिक सायकलीला लावलं.

हर्षिताने माझी घंटी वाजवली. ती खणखणीत वाजली.

"इट स्टिल वर्क्स, बाबा."

"असू दे. हात खराब होतील."

मित्रांनो, तुमच्याकडे न वापरलेली सायकल असेल तर आजच कुणाला तरी देऊन टाका. तेही जमत नसेल, तर निदान पाहुण्यांसमोर तिला ओळख दाखवा.

उद्या वीस तारीख. आठवडाभर मी बिनकुलपाची उभी आहे. डॅन्यूबकाठी अशीच उभी असायची आणि मला कुणी नेत नसे, तेव्हा वाटे, माणसं किती प्रामाणिक! इथे तर म्हणे चोर फार. रोज किती जण शेजारून जातात. अजून कुणी नेलं नाही.