धरणावरचे रोडगे

आमचे व्याही नत्थूजी पांढुर्ण्याहून लेकीला भेटायला आले, की पिण्याचं पाणीसुद्धा घरून बाटलीत भरून आणतात. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा त्यांच्याकडचा जुना नेम. दिपाली आमची सून होऊन सहा वर्षं झाली. पाळणा काही हलला नाही आणि व्याह्यांचा नेमही सुटला नाही. त्यांनी पाण्याचा पेला परत केला, की पोरीचं तोंड एवढंसं होतं. माझा तर जीव जळतो. बापानंच दर खेपेला तिला त्याची आठवण करून द्यायची म्हणजे काय!

या रविवारी ते आलेले असतानाच धरणाचे गेट उघडले, तेव्हा मी सगळ्यांना तिकडेच नेलं. दिपालीनं काठावरच्या झाडाखाली गोवऱ्या पेटवून निखाऱ्यावर कणकेचे जाड रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. मी मनात म्हटलं, हे काही आमचं घर नव्हे, आता कसा नाही म्हणतो हा बुवा!

"वत्सलाबाई, धरण तुमच्याच शिवारात येते ना?" नत्थूजींनी विचारलं.

"येते. मंग?"

"मंग नाही जमत."

त्यांची बाटली केव्हाच संपली होती. समोर एवढं पाणी, आणि हा माणूस ओठांवरून जीभ फिरवत बसलेला. मी चिडून म्हटलं, "इवाईबुवा, हे पाणी मी नाही भरून ठेवलं. आभाळातून पडलं." ते नुसते हसले. दिपाली मान खाली घालून निखारे सारत राहिली.

तेवढ्यात मधलं गेट आणखी वर गेलं आणि पाणी धडधडत कोसळलं. आम्ही सगळे कठड्याशी धावलो. नत्थूजींनी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. लहान पोरासारखे टाळ्या पिटत ते ओरडले, "अरे बापरे! पाह्य ना बेटा, पाह्य!" आणि वाऱ्यानं उडालेला सपकारा थेट त्यांच्या उघड्या तोंडात गेला.

ओठ घट्ट मिटलेले, मिशीतून पाणी ठिबकतंय. दिपालीचे डोळे भरून आले.

"थुकून टाका बाबूजी," ती म्हणाली. "मले राग नाही येत."

नत्थूजींनी लेकीकडे पाहिलं आणि घोट गिळला.

"कोन थुकून राह्यलं?" ते म्हणाले. "आन इकडे तो रोडगा."

दिपाली जागची हलेना. तेव्हा तेच तिचा हात धरून निखाऱ्यांकडे निघाले. "पोट्टं होईन, नाही होईन. तू त माही आहेस ना?"

त्यांनी किती रोडगे खाल्ले ते विचारू नका. दिपाली हसत हसत तूप ओतत होती. मला आनंदानं रडू येत होतं, आणि माझ्या वाट्याला भाजी उरली नाही म्हणून रागही.