कोंबड्यांच्या राखणीला निघालेला कॅमेरा

कोण बोलतंय म्हणून मागे वळून बघू नका. गच्चीवर, तिपाईवर बसलेला मी कॅमेरा बोलतोय. मुठीएवढाच आहे, पण इतरांना अंधार दिसतो तिथे मला सगळं दिसतं. नजर तीक्ष्ण आहे, आणि जीभही.

माझा जन्म खरं तर चोर पकडण्यासाठी. एका किराणा दुकानाच्या मागच्या दारावर मला टांगलं होतं. चोर कधी आलाच नाही. दुकान बंद झालं की खुद्द मालकच बरणीतली बिस्किटं फस्त करायचा आणि सकाळी नोकरावर डाफरायचा. एकदा मालकिणीने माझं चित्रण पाहिलं. दुसऱ्याच दिवशी मालकाने मला विकून टाकलं.

मला घेतलं एका घड्याळजीने. दिवसभर लोकांची घड्याळं दुरुस्त करायची आणि दिवेलागणीला गच्चीवर उपग्रह टिपायचे, हा त्याचा नाद. खाली अंधारलं तरी वर उपग्रहावर ऊन असतं, त्यामुळे तो ठिपक्यासारखा ताऱ्यांमधून सरकताना दिसतो. कोणता उपग्रह कोणत्या ताऱ्याजवळून जाणार, ते संगणक आधी सांगायचा. घड्याळजी मला तिकडे रोखायचा, आणि ठिपका हजर! त्याची नेमकी वेळ तो दूरदूरच्या आपल्यासारख्याच नादिष्टांना कळवायचा. "तुमची वेळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं एकाने लिहिलं, तेव्हा स्वारी दोन घास जास्त जेवली.

मग बिऱ्हाड बदललं. डोंगरापलीकडच्या गावात नवं घर, ऐसपैस गच्ची, आणि माझे ग्रह फिरले. सांगितलेल्या ताऱ्यावर मी टक लावून बसायचो, पण एकही ठिपका फिरकायचा नाही.

घड्याळजीने काय करावं? घड्याळ तपासलं. पुन्हा तपासलं. वेळ अगदी बरोबर! मग दोष कुणाचा?

"याचेच डोळे गेलेत," तो म्हणाला आणि त्याने नवा, महागडा कॅमेरा मागवला.

मेहुणा टपलेलाच होता. "दाजी, हा मला द्या. खुराड्यापाशी लावतो. कुंपणाच्या डावीकडून रानमांजर येतं हो रोज."

"रविवारी घेऊन जा."

उभा जन्म आभाळ बघितलं, आता कोंबड्यांची पिसं बघायची! खरंच सांगतो, मला फार वाईट वाटलं.

रविवारी संध्याकाळी मेहुण्याने मला पिशवीत कोंबलं, तेवढ्यात फोन वाजला. जुन्या घरची शेजारीण होती. घड्याळजीच्या बायकोने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"अहो, तुमचा नवा कॅमेरा जुन्या घरी जाऊन बसलाय. पत्ता नाही बदललात?"

"राहिलं गं."

"आणखी कुठे कुठे राहिलंय?"

घड्याळजी हसायला गेला आणि मध्येच थांबला. मग धावत संगणकापाशी गेला. तिथेही जागा जुनीच! संगणक बिचारा अजून जुन्या गच्चीवरूनच आभाळ बघत होता.

"एवढ्याशा अंतराने काय होतंय?" मेहुणा म्हणाला.

"खिडकी बदलली की अंगणातला खांब वेगळ्याच झाडापुढे दिसतो ना? तसंच." घड्याळजीचे कान लाल झाले होते. वेळेचा एवढा जाणकार, पण जागेकडे बघायचंच विसरला!

त्याने जागा दुरुस्त केली, मला पिशवीतून काढलं, वर रोखलं. आणि तो आला! ताऱ्याला जवळजवळ घासून ठिपका गेला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

घड्याळजीने नुसता घसा खाकरला. मग खिशातून गिऱ्हाइकांच्या घड्याळांसाठी ठेवलेलं मऊ फडकं काढून माझी काच हळूच पुसली. माणसं माफी अशीच मागतात. मी ती मुकाट्याने घेतली.

"मग माझ्या कोंबड्यांचं काय?" मेहुण्याने विचारलं.

"तो नवा घेऊन जा," त्याची बहीण म्हणाली. "जुन्या घरीच आहे. पत्ता माहितेय ना तुला?"

तेव्हा मंडळी, घरातली एखादी वस्तू बिघडली असं वाटलं, तर तिला हाकलण्याआधी आपण कुठे उभे आहोत तेवढं बघा. बरं, येतो मी, वर एक पाहुणा यायचाय. आणि खुराड्याकडे गेलात तर त्या महागड्या साहेबांना माझा निरोप सांगा: रानमांजर डावीकडून येतं.