सुई मागे का सरकली?

मित्रांनो, ताटलीत बाळ ठेवलं की ज्याची सुई थरथरते, तो जुना वजनकाटा मी. कारखान्यातून निघालो तो थेट दवाखान्यात आलो. तिथल्या नर्सताई मला रोज पुसत आणि माझी सुई शून्यावर आणत. हा कधी खोटं बोलत नाही, असं त्या सगळ्यांना सांगायच्या आणि मी फुशारून जायचो. पुढे बॅटरीवर चालणारा काटा आला नि माझी रवानगी कपाटावर झाली. नर्सताई निवृत्त झाल्या तेव्हा मला घरी घेऊन आल्या.

त्यांच्या वरच्या मजल्यावर सहा दिवसांचं बाळ होतं. आईचं दूध त्याला पुरतंय की नाही, तेच कुणाला कळेना. बाटलीवर निदान रेघा असतात, इथे मोजायचं कसं? म्हणून बाबा मला मागून घेऊन गेले.

पाजण्याआधी एकदा, पाजल्यावर एकदा, असं दिवसभर बाळ माझ्यावर. आणि काय सांगू, पाजल्यावर दर वेळी सुई मागेच! बाळ तर चुटूचुटू पीत होतं. पोटात दूध गेलं आणि वजन उतरलं, हे गणित मला काही केल्या सुटेना. माझी स्प्रिंग सैल झाली, की म्हातारपणी मी खोटं बोलायला लागलो? डोकं असतं तर खाजवलं असतं.

आई माझ्याकडे बघून रडली. "माझंच कुठेतरी कमी पडतंय," ती म्हणाली. मावशीने पावडरच्या दुधाचा डबा आणून माझ्या शेजारी ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डबा उघडणार, एवढ्यात नर्सताई आल्या. त्यांनी बाळाचं पिणं पाहिलं, कान देऊन घोट ऐकले. मग दोरीवर कालपासून वाळत घातलेले लंगोट मोजले. आठ निघाले, त्यातल्या तिनांवर शीचे पिवळे डाग.

"पाजल्यावर लंगोट कोण बदलतं?" त्यांनी विचारलं.

"मीच," मावशी म्हणाली. "ओल्यात कसं ठेवायचं लेकराला?"

म्हणजे आधी ओल्या लंगोटासकट वजन, नंतर कोरड्यात! नर्सताईंनी बाळाला उघडं करून माझ्यावर ठेवलं. दवाखान्यातून घरी आलं तेव्हापेक्षा साठ ग्रॅम जास्त भरलं.

"पुरतंय गं तुझं दूध," त्या म्हणाल्या. "आत गेल्याशिवाय एवढं बाहेर येईल का?"

आई पुन्हा रडली, बाळाला छातीशी धरून.

मित्रांनो, दिवसभर मी खरंच बोलत होतो, तरी एका आईला रडवलं. ते कसं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. मला सपाट जागी ठेवा, सुई शून्यावर आहे ना ते बघा. आणि नवी आई माझ्यापुढे बसली असेल, तर तिला एकटं सोडू नका.