श्री. देव यांचा पत्ता

परक्या देशातल्या घरांच्या कचेरीत शिंपिणीनं सांगितलं ते एवढंच: "हे गेले. देवाघरी गेले."

फोनवरच्या दुभाष्यानं ते ऐकलं, खिडकीमागच्या साहेबाला सांगितलं, आणि संगणकात उतरलं ते असं: पती घर सोडून गेले आहेत. सध्या मुक्काम श्री. देव यांच्याकडे.

घर नवऱ्याच्या नावावर. भाडेकरूच दुसरीकडे राहायला गेला म्हटल्यावर महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा, असा निरोप आला. वर श्री. देव यांचा पत्ता मागितलेला.

मराठी मंडळाच्या खोलीत मावशी हे ऐकून आधी हसली, मग चष्मा काढून डोळे पुसू लागली. मावशी नात्यानं कुणाचीच मावशी नव्हे. आपली भाषा बोलणाऱ्या घरात कुणी गेलं की डबे घेऊन पोचणाऱ्या बायकांची ती म्होरकी.

"दुभाष्या इथंच वाढलेला पोरगा असणार. शेजारी देव आडनावाचे कुणी राहत असतील त्याच्या. मृत्यूचा दाखला कुठाय?"

"कारखान्यातल्या अपघाताची चौकशी संपल्याशिवाय देत नाहीत."

"मग तुझं तोंड हाच दाखला. उद्या सरळ सांग, मेले म्हणून."

दिवसभर दुसऱ्यांचे कपडे उसवून बेतून देणारी ही शिंपीण, हात कधी अडायचा नाही, जीभ अडली.

"कुत्रं मरतं, मावशी. माणूस जातो."

"इथं गेलेला माणूस परत येतो, बाई. मेलेलाच तेवढा येत नाही."

भांडी घासताना: हे मे...

चादर झटकताना: हे मे...

नळ बंद करून, पुन्हा:

"आई, काय पुटपुटतेस?" थोरल्या लेकीनं विचारलं.

"अभ्यास करतेय."

"कसला?"

"एका शब्दाचा. तू झोप."

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी मावशी दोन पावलं मागेच थांबली. "मी बोलणार नाही. घर तुझं, तोंडही तुझं."

साहेबानं फोनचा आवाज मोठा केला. पलीकडून तोच पोरगा. "काकू, ते विचारतायत, तुमचे मिस्टर आता कुठे आहेत?"

"मेले."

शब्द बाहेर पडला आणि तिला वाटलं, आपणच मारलं. तिनं खिडकीची कड घट्ट धरली.

"कारखान्यात मेले. देव म्हणजे तुझ्या शेजारचे नाहीत रे. वरचा देव."

फोनवरून बारीक आवाजात, "काकू, मला वाटलं..."

"वाटू दे. आता नीट सांग त्यांना."

त्यानं सांगितलं. साहेबाचा चेहरा उतरला, बोटं चालली. दुरुस्ती केली म्हणाला, पुढच्या आठवड्यात या.

शिंपिणीनं खुर्ची पुढे ओढली आणि बसली.

"पुढच्या आठवड्यात कशाला? घर माझ्या नावावर व्हायला काय काय लागतं, ते आत्ता विचार त्यांना. आणि फोन ठेवू नकोस, बाळा. मला अजून बरंच बोलायचंय."