गाडीला लागलेलं गालबोट

दातांच्या डॉक्टरने नवी गाडी घेतली आणि घरातल्या सगळ्यांना तिच्यापासून चार हात लांब राहायला सांगितलं. गाडी गर्द निळी होती. दवाखान्यातला दात तपासायचा छोटा आरसा आणून तो दारांच्या कडा बघायचा, बॉनेटवर बॅटरी मारायचा आणि पेशंटचा जबडा बघताना करायचा तसं "हं... हं..." करायचा.

"दात काय, गाडी काय, वरचं कवच एकदा गेलं की गेलं," तो बायकोला म्हणाला. "आत्ताच काहीतरी लावून घेतलं पाहिजे."

"मग लावा की." बायको ड्रायव्हिंग शिकवायची. तिच्या शिकवायच्या गाडीला चारही बाजूंनी पोचे होते आणि तिला त्याचं काडीचं सोयरसुतक नव्हतं.

पण लावायचं काय? मेण लावलं तर चार वेळा धुतल्यावर उडून जातं. सिरॅमिक कोटिंग काचेसारखं घट्ट बसतं, पण खडा उडाला तर टवका उडायचाच. पारदर्शक फिल्म खडे झेलते, पण नीट बसली नाही तर बुडबुडे येतात. डॉक्टर व्हिडिओ बघत सुटला. एकात पटलेलं दुसऱ्यात खोटं ठरायचं. शेवटी त्याने तिन्ही वस्तू आणल्या आणि घरातच प्रयोग मांडले. फ्रिजच्या दाराला मेण, जेवायच्या टेबलाला फिल्म आणि जिन्याच्या कठड्याला सिरॅमिक.

कठड्याचं सासूबाईंच्या कानावर घालायचं मात्र राहून गेलं. त्यांनी नेहमीसारखा कठड्यावर भार टाकला. हात पुढे निघून गेला आणि त्याच्यामागोमाग त्याही. काखेतली पर्स जराही न हलता त्या खाली येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, कठड्याला काय लावलंय हे?"

"सिरॅमिक. तुम्हाला लागलं नाही ना कुठे?"

"छे! उतरले कधी तेच कळलं नाही." मग पर्स सावरत त्या म्हणाल्या, "गाडीला हेच लावा."

निकाल लागला. रविवारी दवाखाना बंद ठेवून डॉक्टरने गाडी धुतली, पुसली आणि बाटलीतलं औषध स्पंजवर घेऊन दुपारभर दारामागून दार, शेवटी बॉनेट असं सगळं घोटून काढलं. उद्यापर्यंत पाणी, धूळ, बोट काहीही लागू द्यायचं नव्हतं. वास जावा म्हणून गॅरेजचं शटर अर्धं उघडं ठेवून तो अंघोळीला गेला.

तेवढ्यात घराला लागूनच असलेल्या दवाखान्याच्या दाराशी एक पेशंट आला. तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. दाढेमुळे गाल असा फुगला होता की ट्रम्पेट न लावताच वाजवतोय असं वाटावं. बेल वाजवून कोणी येईना, तेव्हा तो "डॉक्टर, डॉक्टर" करत शटरखालून गॅरेजमध्ये शिरला. आत डॉक्टर नव्हता. समोर गुळगुळीत, गारेगार बॉनेट होतं आणि गालात नुसता जाळ झाला होता. त्याने अलगद गाल टेकवला.

डॉक्टर टॉवेलने डोकं पुसत आला आणि जागच्या जागी थिजला.

"अहो! काय करताय हे?"

"थंड लागतंय हो," पेशंट डोळे न उघडता म्हणाला. "दोनच मिनिटं."

डॉक्टरने त्याला सोलून काढल्यासारखं उचललं. बॉनेटवर गाल, कान आणि निम्मी मिशी स्वच्छ उमटली होती. जन्मभर त्याने लोकांच्या जबड्यांचे साचे घेतले होते, पण इतका सुबक साचा त्यालाही कधी जमला नव्हता. कपडा घ्यायला तो वळला, पण पेशंट असा कण्हला की आधी दवाखाना उघडावा लागला. दाढेतला पू काढून परत येईपर्यंत बॉनेट पक्कं वाळलं होतं. मग घासघासून हात दुखले, मिशीचा केस काही हलला नाही.

"माल उत्तम आहे," बायको म्हणाली आणि तोंडावर पदर धरून आत पळाली.

सासूबाईंनी चष्मा लावून निरखून पाहिलं. "गालबोट म्हणतात ते हेच बरं का, जावईबापू."

मशीनने घासलं तर निघेल, असं सगळे म्हणाले. पण नव्या गाडीवर मशीन चालवायच्या विचारानेच डॉक्टरला भोवळ यायची. त्याने ठरवलं, वरून फिल्म लावू, झाकून जाईल. फिल्मवाल्याने एकही बुडबुडा न ठेवता सुरेख काम केलं. फिल्मखाली चकाकी दुप्पट झाली आणि कान आणखी उठून दिसायला लागला.

"आता याला वर्षानुवर्षं धक्का लागत नाही," फिल्मवाला अभिमानाने म्हणाला.

ट्रम्पेटवाला दाढ दाखवायला आला, तो बॉनेटपाशी गहिवरून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला. तिने बराच वेळ पाहिलं. "घरी यांचा एवढा चांगला फोटो नाही," ती म्हणाली.

त्यानंतर डॉक्टरने गाडीवर पहारा द्यायचं सोडून दिलं. बायकोने किल्ली उचलली, त्याला शेजारी बसवलं आणि गाडी एकदाची मोठ्या रस्त्याला लागली. सिग्नलला ट्रॅफिक पोलीस वाकून बॉनेटकडे बघत राहिला. मग त्याने काचेवर टकटक केली.

"कोण हे?"

"पेशंट," डॉक्टर म्हणाला. "आता बरे आहेत."